डागांवरून

ऑगस्टात खोकी येतात. जर्स्या कोऱ्या, पापडासारख्या कडक.
मी, व्हर्ना टॉरगर्सन, जिमखान्याच्या तळघरातली,
प्रत्येकीच्या गळ्याशी आतून नंबर लिहिते, पक्क्या शाईने.
एकवीस वर्षं झाली.
खेळ मला अजून पुरता उमगलेला नाही.
चेंडू दोन्ही टोकांना निमुळता,
नाव फुटबॉल, आणि पायाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.
पण डाग मला वाचता येतात.

हिरवं गुडघ्यावर असलं तर पोरगा धावत होता.
पाठीवर असलं तर त्याला कोणी आडवा केला.
पहिल्या शनिवारी सगळं हिरवं पाठीवर.

दुसरा हरलो.
तिसऱ्याला बसने सात तास गेले, तेही हरायला.
चौथ्यानंतर कोच रेनफ्रो खाली आले,
ड्रायरला टेकून उभे राहिले.
म्हणाले, व्हर्ना, इथे ऊब बरी आहे.
बाकी काही नाही.
हरलेल्या माणसाच्या हाताला काम द्यावं, असं माझी आई म्हणायची.
मी टॉवेलांचा अर्धा ढीग त्यांच्याकडे सरकवला.
त्यांना घडी घालता येत नाही.
ते गेल्यावर मी सगळे पुन्हा घातले.

पोरं जर्सी उलटी करून पिंपात भिरकावतात,
मोजे आतच, कधी दातांचं कव्हरसुद्धा.
फक्त सदुसष्ट नंबर सरळ केलेला असतो, बाह्या आत दुमडून.
टाविटा फालेआफा. दारात मावत नाही.
सामोआहून आला, नॉर्थ डकोटात, शिकायला आणि ढकलायला.
एकदा विचारत होता,
इथे वाऱ्याला मध्ये काहीच कसं लागत नाही?
मी म्हटलं, तूच उभा राहा की.
एवढा हसला की साबणाचा डबा पडला.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी
कोचचा शर्ट आला धुवायला,
गळ्यापासून कमरेपर्यंत नारिंगी, चिकट.
सरबताचं अख्खं पिंप ओतलेलं डोक्यावर.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
शर्ट हातात धरून मी एकटीच हसले,
आणि तो दिवसभर भिजवलाच नाही.

पुढच्या आठवड्यात सदुसष्ट आला प्लास्टिकच्या पिशवीत.
मधोमध कापलेला.
मानेला लागलं असेल तर कपडा ओढत नाहीत, कात्री लावतात.
रक्त नव्हतं. गवत नव्हतं.
एक सरळ रेघ, घाईतल्या हाताची, गळ्याशी थोडी वाकडी.
डागच नसला तर मी काय वाचू?

कार्यालयातली बाई म्हणाली, फेकून द्या, विम्यातून नवी येते.
मी हो म्हटलं.
मग शनिवारी, सगळे वर मैदानात असताना,
मशीन काढलं, दोरा जुळेना, मरून रंगाच्या तीन छटा लावून पाहिल्या.
डोक्यावर पावलांचा धडधडाट चालला होता.
कोणाच्या बाजूने, ते छताला काय कळणार.

शेवटचा सामना बर्फात.
कपडे आले ओले, जड, आणि स्वच्छ.
बर्फ काही लिहून ठेवत नाही.
टाविटा मानेला पट्टा लावून खाली आला,
सामनाभर कडेला उभा होता, जर्सी कोटावरून चढवून.
तीन गुणांनी हरलो, म्हणाला,
आणि जर्सी माझ्या हातात दिली,
सरळ केलेली, बाह्या दुमडून.
परत खेळणार नाही हे त्याने सांगितलं नाही.
मी मुसॅलाचा टपाल खर्च विचारला असता,
पण त्याला ती नेता येत नाही. कॉलेजची मालमत्ता.
यादीत टिक करावी लागते.

एक जिंकलो, नऊ हरलो.
फेब्रुवारीत कोच आले, टॉवेल घेऊन बसले.
अजूनही घडी येत नाही त्यांना.

सदुसष्ट खोक्यात आहे, वरून तिसरी.
पुढल्या ऑगस्टात कोणी तरी पोरगा ती चढवील,
छातीशी बोट घालील,
विचारील, इथे काय टोचतंय?
शिवण मी आतल्या बाजूला घेतली आहे.