चाचणीचं निमंत्रण

नदीच्या अलीकडे तीन वाजतात
तेव्हा पलीकडे दोन.
मधला पूल चालत सात मिनिटांचा.
टोर्नियोहून हापारांडाला मी
निघायच्या त्रेपन्न मिनिटं आधीच पोचते,
आणि परतताना हिशेब चुकता करते, व्याजासकट.

एकोणीस वर्षं मी कस्टममध्ये होते.
कॉफी, टायर, लोणी, एकदा एक अख्खा पियानो.
कागद जुळले की शिक्का,
नाही जुळले की माल शेडमध्ये, बर्फ पडत असला तरी.
मग दोन्ही देशांनी ठरवलं, आता काही तपासायचं नाही.
शिक्का माझ्या घरी आहे.
अंड्यांच्या खोक्यावर कधीकधी मारते.

आता मी आमच्या वाद्यवृंदाची चिटणीस.
अकरा वादक, दोन देश, खात्यात चाळीस युरो
आणि बोर्येच्या खिशात थोडे क्रोनर, न मोजलेले.

बैठकीला बोलवायचं, काम एवढंच.
ताइस्तोच्या फोनला निमंत्रण दिसतं.
गुनहिल्डच्या ऑफिसातल्या जुनाट कॉम्प्युटरला दिसत नाही;
तिला मिळते एक फाइल, उघडली तर आत
कंस, आकडे, तिरक्या रेघा,
जणू कुणी माशाचे काटे पाकिटात घालून पाठवलेत.
एस्कोनं लॅपटॉपमध्ये स्वतःचंच काहीतरी बसवलंय,
तो म्हणतो, माझ्याकडे सगळं ठीक आहे, बिघडलंय ते तुमचं.
नोव्हेंबरात सहाला बोलावलं होतं.
चौघं सहाला आले. तिघं सहाला आले.
दारात भेटले एकमेकांना, जाणारे नि येणारे.

मग जानेवारीतल्या एका रात्री, बाहेर उणे सव्वीस,
मी फुकटचं कॅलेंडर शोधायला बसले.
पहिलं चौदा दिवस फुकट, पंधराव्या दिवशी कार्ड मागणारं.
दुसरं कायमचं फुकट, पण पाचच माणसांना:
सहा कोणते गाळू?
तिसऱ्याला माझी जन्मतारीख हवी होती.
चौथं फक्त आपल्या घरच्यांना ओळखायचं,
शेजाऱ्याचं निमंत्रण दारात ताटकळत ठेवायचं.
त्याच्यावर मला रागावता येईना.
माल बरोबर, कागद परक्या छापाचे;
मीही तेच केलं असतं, एके काळी.

पाचवं अगदीच साधं. विसरून जावं असं नाव.
कुणीतरी हौसेनं, रात्री जागून बनवलेलं असावं.
त्यात एक चौकोन होता: ज्याचं त्याला त्याच्या घड्याळानं.
मी खूण केली.

लिहिलं, विषय: चाचणी.
रविवार, तीन.
जागा रिकामी सोडता येत नव्हती,
म्हणून लिहिलं, पूल.

सकाळी हो, हो, हो.
गुनहिल्डचं हो. एस्कोचं हो, न कुरकुरता.
बोर्येचं 'बघू', म्हणजे तो येणार.
निघालं, पोचलं, उत्तर घेऊन परतलं!
मी खोक्यावर आणखी एक शिक्का मारला
आणि त्या आनंदात सांगायचंच राहिलं
की हे खरं नव्हतं.

रविवारी मी भांडी घासत होते. फोन वाजला.
ताइस्तो: राइली, अजेंडा काय आहे?
आम्ही नऊजण आहोत. वारा फार आहे.

कोट घालत धावले, बुटांच्या नाड्या तशाच.
पुलाच्या मधोमध, सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना
नऊजण पाय आपटत उभे,
आणि मागून बोर्ये, घोंगडीत गुंडाळलेला कॉन्ट्राबास घेऊन,
कारण आणू नका असं कुठं लिहिलं नव्हतं.
मनगटांवर तीन बावीस, दोन बावीस.

कुणी रागावलं नाही. हसलंही नाही कुणी.
गुनहिल्डनं थर्मास उघडला,
झाकणं फिरवली,
म्हणाली, बरं, पहिला विषय?

मी म्हटलं, चाचणी.
वही मी घरीच विसरले होते.
तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि किराण्याच्या पावतीमागे
तेच लिहून घेतलं.