मोकळा पंखा

धावताना काही नाही.
आनंदनगर नाक्यापासून तीन हात नाक्यापर्यंत
काटा ऐंशीवर, गाईसारखा गरीब.
माजिवड्याच्या सिग्नलला उभी राहिली
की चढायला लागतो:
नव्वद, शंभर, तांबडी रेघ.
"हीटर लाव," मागून बाबा,
साहेबांच्या जागेवर बसलेले,
मे महिन्यात, दुपारी एक वाजता.
मी लावते. काटा उतरतो,
आणि आम्ही दोघं उकडत बसतो
इंजिनाच्या वाटणीचं.

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा
एकवीस वर्षांच्या ड्रायव्हरकीचा हिशेब
पैशात देता येईना, म्हणून किल्ली दिली.
पांढरी मर्सिडीज, अठ्ठ्याहत्तरची.
सावरकरनगरच्या आमच्या गल्लीत
तिला वळायलाही जागा नव्हती.
आई एवढंच म्हणाली,
"ही शिजवायची कशी?"

परकारचाचांनी बॉनेट उघडलं.
रेडिएटर बघितला नाही, थर्मोस्टॅट नाही,
गार इंजिनाच्या पंख्याला एका बोटाने ढकललं
आणि मोजलं. एक, दोन, तीन,
चार, पाच…
"दीडावर थांबायला हवा होता."

मग बॅटरी मारून दाखवलं:
पंख्याच्या पोटाशी ही डबी,
डबीत सिलिकॉनचं तेल, काकवीसारखं.
तोंडावर चपटी स्प्रिंग,
डासांच्या उदबत्तीसारखी वळलेली.
गरम वारा लागला की ती हलते,
झडप उघडते, तेल पुढे सरकतं,
आणि पंखा इंजिनाचा हात धरतो.
गार झालं की सोडतो.
सांगावं लागत नाही कुणी.

"मग बिघडलं कधी?"
"कधी असं नसतं, पोरी."
डबीवर बोट फिरवलं चाचांनी.
काळ्या, चिकट, धूळ धरलेल्या रेघा,
मधून कडेकडे,
लहान मूल सूर्य काढतं तशा.
वर्षाला एखादा थेंब.
खाली फरशीवर डाग पडत नाही,
म्हणून कुणी विचारत नाही.

बाबा स्टुलावरून उठले.
वाकून त्यांनीही बोट लावलं. फिरला.
पुन्हा लावलं. फिरला.
"मी रोज पुसायचो," म्हणाले,
आणि हात रुमालाला न पुसता
तसेच धरून बसले.

नवी डबी जर्मनीहून येते.
माझा दीड पगार, वाट बघणं वेगळं.
तोवर चाचांनी आरपार दोन बोल्ट घातले,
डबी जाम केली.
आता पंखा इंजिनाला बांधलेला,
गरज असो नसो.
डिझेल जास्त पिते.
जरा पाय दाबला की विमान निघाल्यासारखी गरजते.
कापूरबावडीला रिक्षावाले माना वळवतात,
एकाने तर आकाशात पाहिलं.
गायमुखच्या चढाला
मला माझा आवाज ऐकू येत नाही.

काटा मात्र ऐंशीवर.

आरशात बाबा. डावा कान केव्हाच गेलेला,
उजव्याचं यंत्र नेहमीसारखं खिशात.
डोळे मिटलेले. म्हटलं, झोपले.

"सेकंड टाक," म्हणाले.
"दम लागलाय तिला.
ऐकू येतंय."