डावं-उजवं

लुसियां विचारतो, आजी, तुझी सगळ्यात आवडती दहा कुठली?
दहाच हवीत, आणि सत्तर ते एकोणऐंशीमधलीच.
शाळेचं काहीतरी आहे त्याचं.
मी म्हणते, पोरा, मला डावं-उजवं करायला सांगू नकोस,
टिन ओव्हरशूजचं डावं माझ्याकडे उरलेलंच नाही.

त्याला कळत नाही. कळण्यासारखं नाहीच.

चौऱ्याहत्तरमध्ये कारखान्याने बायका घ्यायला सुरुवात केली,
त्या खेपेला मी आत शिरले.
भट्टीच्या वर क्रेन, क्रेनच्या डाव्या अंगाला
हवा फेकणारा जाडजूड पाइप.
एकवीस वर्षं तो माझ्याशी बोलला.
तेवढं कुणीच बोललं नाही, रेजाँ धरून.
शेवटी डावा कान म्हणाला, पुरे.

आणि त्या काळी त्यांच्या रेकॉर्ड अशा निघायच्या
की गाणारा पार उजवीकडे, गिटार पार डावीकडे,
जणू दोघांचा अबोला आहे
आणि मध्ये ड्रमवाल्याला बसवलंय.
अबोला होताच म्हणा.

तर घे लिहून.
पहिलं, 'एस्पानोलाचा फाटा', एकाहत्तरचं.
सुरुवातीला तो नुसतं गुणगुणतो, शब्द विसरल्यासारखा.
माझ्या लेखी गाणं तेवढंच आहे.
दुसरं, 'पाण्याखाली फोन वाजतोय'.
हे आम्ही गाडीत ऐकलं, टेकडीखाली उभं राहून,
रात्री वाघिणी उकळती मळी ओतायच्या तेव्हा.
लोक समुद्रावर जातात,
सडबरीत आम्ही मळी बघायला जायचो:
उतारावरून लालभडक ओघळ,
काचेवर, रेजाँच्या चष्म्यावर, त्याच्या नव्या मिशीवर
नारिंगी उजेड,
आणि नेमका तेव्हाच रेडिओ खरखरला.
रेकॉर्डवर त्या जागी खरखर नाही
याचं मला अजून दर वेळी वाईट वाटतं.

'मामीचा कोट'. हे कुणालाच आवडत नाही.
लिही.
चौथं आणि पाचवं एकच समज,
मध्ये सुई उचलायची नाही.
सहावं…
थांब जरा.

सहाव्यात मुळी गिटारच आहे.
सात मिनिटं. गाणारा दोनदा डोकावतो,
बाकी सगळं वेंडलचं.
मी त्याला पाहिलंय, इथल्याच अरीनात, दहा हातांवरून.
लोकांकडे पाठ करून वाजवत होता,
स्वेटरच्या फाटक्या कोपरातून आतला शर्ट बाहेर.
एकोणऐंशीत तो बँड सोडून गेला, कुठे ते न सांगता.
माझ्याकडून तो पंच्याण्णवच्या सुमाराला गेला,
थोडा थोडा, वरच्या सुरांपासून.

आता हे लावलं
की सात मिनिटं कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलंय.
हेडफोन उलटा घातला
की वेंडल येतो, अख्खा,
पण मग गाणारा घर सोडून गेलेला.
दोन्हीकडचं एकत्र करायचं बटण असतं,
लुसियांनेच दाखवलं. दाबून पाहिलं.
दोघं एका खोलीत कोंबलेले, एकमेकांच्या पायावर पाय.
नको.

मग तो शेजारी येऊन बसतो.
उजवं बोंडूक माझ्या कानात, डावं स्वतःच्या,
मध्ये वायरीची झोळी.
गिटार आली की सांग, मी म्हणते.
दूध उतू जाऊ नये म्हणून उभं केल्यासारखा तो ऐकतो.
बोट वर करतो. बोट तसंच राहतं.

आजी, इथे कुणीतरी खोकतंय.

कुठे?

एकदम आधी. गिटारच्याही आधी.

खाचा बुजेपर्यंत वाजवली होती मी ही रेकॉर्ड,
तेव्हा दोन्ही कान शाबूत होते.
खोकला नव्हता.
वेंडलचा का रे?
माहीत नाही, तो म्हणतो. माणसाचा आहे.

परत लाव, मी म्हणते.
सातवं उद्या लिहू.