बूच

दर मंगळवारी माणसं उपाशीपोटी येतात
आणि बाह्या दुमडून बाकावर बसतात.
पोंत दि सोरचा फेब्रुवारी, काचेवर धुकं.
एर्मिनियु टोपी गुडघ्यावर ठेवतो
आणि मी सांगायच्या आधीच मूठ आवळतो.

चाळीस उन्हाळे कुऱ्हाड धरलेला हात.
शीर लगेच सापडते.
त्याच्या शिरा त्याच्याहून बोलक्या.

जांभळ्या बुचाची नळी, तीन महिन्यांच्या साखरेची.
पिवळ्या बुचाची, दाह मोजायला:
राखेखाली कुठे विस्तव उरलाय का,
धूर न करता जळणारा.
मग लिस्बनहून आलेला कागद.
त्यावर नऊ प्रश्न.
गेल्या दोन आठवड्यांत
कशातून मन उडालंय का?
झोप? भूक? आपण कुचकामी आहोत असं?

मुळीच नाही, म्हणतो एर्मिनियु.
मुळीच नाही. मुळीच नाही.
नऊ वेळा, खिळे ठोकावेत तसं.

नळ्यांना मी बूच लावते.
त्यानं स्वतःच्या तोंडाला आधीच लावलंय.

त्याची बहीण मला बाजारात भेटते.
कॉफीच्या दुकानात पत्ते कुटायला तो जात नाही,
परसातली कोबी बियांवर गेली,
आणि इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये
मुरंब्याच्या वाटीशेजारी तसंच पडून आहे, म्हणते.

गेल्या वेळचा त्याचा आकडा नऊ पूर्णांक एक.
दाहाचा, असायला हवा त्याच्या चौपट.
लिस्बनच्या बाई म्हणतात, धागा असावा काहीतरी.
रक्त धुमसलं म्हणून मन विझतं
की मन विझलं म्हणून रक्त धुमसतं,
ते त्यांनाही अजून ठाऊक नाही.
दोघं एका घरात राहतात, एवढं नक्की.
आधी कोण कुणाला बोललं
हे शेजाऱ्यांनी कसं सांगावं?

(माझाही आकडा आहे त्याच यादीत.
माझा नऊ प्रश्नांचा कागद
ड्रॉवरात आहे. कोरा.)

आज मी कागद बाजूला ठेवला.
विचारलं, गेल्या उन्हाळ्यात शेवटचं झाड कुठलं सोललंत?

तो पहिल्यांदाच वर बघतो.
ओढ्याकाठचं, म्हणतो. माझ्या बापानंही सोललेलं.
साल अशी सुटली, जशी ओली बाही हातातून निघावी.
खालचं खोड लालभडक.
बघवत नाही पहिले काही दिवस,
मग रंग उतरत जातो, काळवंडतं.
घाव आत जाऊ द्यायचा नाही हं,
कुऱ्हाड खोल गेली तर झाड कायमचं आजारी.
म्हणून कुऱ्हाडीचा आवाज ऐकायचा.
साल सोडत असेल तर पोकळ वाजतं.

आणि मग?

मग पांढऱ्या रंगानं आकडा लिहायचा खोडावर.
चार. चोवीस सालचा चार.
नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.

तो बोटांवर मोजतो.
मोजायची गरज नाही, हिशेब केव्हाच झालेला आहे,
रात्री, झोप न येणाऱ्या वेळी.
तेहेतीस साली, म्हणतो. मी पंच्याहत्तरीचा.
असलो तर.

मग बराच वेळ काही नाही.
बाहेर रांगेत कुणीतरी खोकतं,
डोना लुसिंदा किती वेळ म्हणून दार ढकलते, परत लावते.

यंदा ब्रश माझ्या हातात होता, म्हणतो तो,
आणि तो चार काढताना
वाटलं, हे आपलंच आपण
कुणा दुसऱ्यासाठी लिहून ठेवतोय.
तेव्हापासून गोड लागत नाही काही.
(हसतो.) तुम्हाला बरंच की.

हेही लिहिणार का त्या कागदावर?

कागदावर चार चौकोन आहेत:
मुळीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त, जवळपास रोज.
झाडाला जागा नाही.

आज नाही, म्हणते मी. पुढच्या मंगळवारी या,
रक्त द्यायला नाही, असंच.
आणि त्याच्या कोपराच्या खळग्यात
कापसाचा बोळा दाबून धरते,
रक्त केव्हाच थांबलेलं असतं तरी.