एकशे बारावी मेंढी

दुपारच्या चहाला अजून वीस मिनिटं होती.
एकशे बारावी मेंढी तशी गरीब,
तिनं लाथसुद्धा मारली नाही.
मी तिला गुडघ्यांत ओढलं, वाकले,
आणि कमरेत कुणीतरी कडी घातली.
आतून.

मशीन हातात गुणगुणत राहिलं.
हिनेवाई झाडू टाकून धावली.
अर्धी कातरलेली मेंढी फळ्यांवरून निसटली
लोकरीचा पदर फरफटत,
शेडमधले सगळे हसले,
आधी तिला, मग थोडं मला.
बाबा शेजारीच कातरत होते. मान वर केली नाही.
त्यांचा आकडा चुकला असता.

वय एकोणीस. साउथलंडचा जानेवारी,
म्हणजे भर उन्हाळा, रात्री साडेनऊलाही उजेड,
आणि मी ओंडक्यासारखी, छताच्या फळ्या मोजत.
पायमोजे घालायला आई.
शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायची.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फोटो काढला.
फोटोत काही नाही म्हणाले.
"काही नाही" एवढं दुखतं
हे तोवर मला माहीत नव्हतं.

गोर गावात, बुटांच्या दुकानावर, मिसेस पिल्बेम बसायच्या.
थोतांड, बाबा म्हणाले, हाडं वाजवून पैसे घेते.
आईनं गाडी काढली.
जिना सतरा पायऱ्यांचा.
कंबर धरलेल्यांना माडीवर बोलावणारी बाई!
मी रडता रडता हसले.

तिनं आधी हात लावलाच नाही.
कुठल्या बाजूनं ओढतेस, पाय कुठं रोवतेस,
बटाट्यांचं पोतं पुढ्यात ठेवून म्हणाली,
ही मेंढी समज. दाखव.
मग तळहात. कोरडे, गरम,
अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपावं तसे
मणक्यामागून मणका.
एक आवाज झाला, ओल्या काटकीसारखा.

चमत्कार झाला नाही.
हे मी आजही आधीच सांगून टाकते,
लोकांना चमत्कार हवा असतो.
सहा आठवडे गेले, भिंतीला टेकून करायचे
कंटाळवाणे व्यायाम गेले.
पण एका मंगळवारी जिना उतरताना
मी कठडा धरायला विसरले,
आणि खाली रस्त्यावर आल्यावर आठवलं
की विसरले.

त्या विसरण्यासाठी ऑकलंडला गेले.
मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच,
बसमध्ये पाढ्यांसारखे म्हणत.
पाठ पाठ करायला पाच वर्षं लागली,
कर्ज फेडायला अकरा.

माझी खोली तळमजल्यावर आहे.
दूध काढणारे येतात, ट्रकवाले,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ऑल्डरिज,
शेडमधले, बोटांना लोकरीचा मेणचट वास.
सगळ्यांची सुरुवात एकच: तसं काही नाही.
मी तिथंच थांबते.
मागच्या हिवाळ्यात एकाचे दोन्ही पाय बधिर होत होते.
त्याला मी टेबलावर घेतलंच नाही,
दार ओढून थेट इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात नेला.
कुठं हात लावायचा नाही, हेही हातांनीच शिकावं लागतं.

बाबा एकसष्ट वर्षांचे. कधी आले नव्हते.
गुरुवारी आले, हातात टोपी, खिशात पाना.
म्हणाले, तुझं टेबल डगमगतं असं कुणी म्हणालं.
टेबल डगमगत नव्हतं.
तरी वाकून त्यांनी पाय तपासले,
एक, दोन, तिसऱ्याशी अडकले.
मी विचारलं, "कितवी?"

बराच वेळ नुसता श्वास.
मग जमिनीकडे बघतच:
"तू पडलीस ना, त्या दिवशी
माझा आकडा चुकला होता.
उरलेल्या अंदाजानं लिहिल्या."

पाना मी त्यांच्या मुठीतून सोडवला.
टेबलावर नवा कागद ओढला.
तो नेहमीसारखाच कडेला फाटला.