डावी-उजवी

साडेनऊला कुलूप काढते.
रात्री पायरीवर कुणी पत्ते कुटलेले असतात,
इस्पिकची राणी तेवढी मागं राहिलेली.
तिला उचलते, मग झाडून घेते.

आमच्या विट्याकडच्या माणसांना केराची किंमत कळते.
गलाईला गेलेली सगळी, कोइमतूर, त्रिचूर, कुठं कुठं.
सराफकट्ट्यावरचा केर विकत घ्यायचा,
जाळायचा, धुवायचा,
गुंजभर सोनं निघालं तर दिवस गेला.
माझ्या केरात चिंचोके निघतात. खडूचं टोक.
चावून चपटं केलेलं बटण.
एकदा एक दात निघाला, कुणाचा ते ठरंना.

प्रांजल आली संक्रांतीच्या मागनं.
बाप तिकडंच भट्टीपाशी,
आई दुसऱ्या खेपेला माहेरी आलेली.
साडेतीन वर्षांची पोर. दंडाला पट्टी लावली, पिवळ्यात आली.
विजयमालाताईंनी वहीत लिहिलं, मग मोबाइलात,
मग रेंज मिळंना म्हणून टाकीच्या शिडीवर चढून परत.

तीन दिवस ती दारात उभी.
चौथ्या दिवशी म्हणाली, "तण्णी."
मला वाटलं कुणाचं नाव असंल, मावशीबिवशीचं.
"येतीय, येतीय तण्णी," म्हणत
मी खिचडी ढवळत राहिले.
पोरं हसली.
तिनं माठाकडं बोट केलं, आणि मग बोट मिटून घेतलं.
रडली असती तर बरं झालं असतं.

ताई उठल्या. माठाला हात लावून म्हणाल्या,
"हे काय?"
"पाणीऽऽ"
"आणिक?"
कुणी बोलंना.
"आणिक तण्णी," ताई म्हणाल्या,
आणि पहिला पेला तिला.

मी दुसरीतनं शाळा सोडली.
सोडली कसली, धाकटा भाऊ कडेवर दिला
आणि आई भांगलायला गेली.
पोर सांभाळायचं म्हणजे रडू द्यायचं नाही, एवढंच मला ठावं.
चार वर्षं तो माझ्या कडेवरनं भिंतीकडं बघत होता.
हे काय, ते काय, त्याला कुणी विचारलं न्हाई.
मलाबी सुचलं न्हाई.
आता चाळिशीचा आहे. अजून कमीच बोलतो.

चपला काढायच्या, जोडीनं लावायच्या,
डावी डावीकडं, उजवी उजवीकडं,
मग मोजायच्या. आमचं गणित तिथनं सुरू.
त्या सकाळी प्रांजल रांगेपुढं उकिडवी बसली आणि
"ओण्णु, रेण्डु, मूणु,"
अकरा जोड्या एका दमात.
दुसऱ्या दिवशी सगळीच ओण्णु-रेण्डु करत घरी गेली.
सरपंचाची आई काठी टेकत आली,
"असलं शिकवाय बसवलंय व्हय तुम्हाला?"
ताई म्हणाल्या, "आजी, अकरा ते अकराच की."
म्हातारी थोडा वेळ थांबली.
जाताना चपला घालताना
डावी कुठली ते बघून घातली. मी बघितलं.

फाल्गुनात बापाचा व्हिडिओ कॉल आला म्हणं.
पोरीनं फोन उंबऱ्यापाशी नेला, खाली धरला,
घरच्या सगळ्या चपला एका ओळीत,
आणि मधी एका जोडीपुरती फरशी मोकळी.
"अप्पाचं हितं," म्हणाली.
भट्टीचा आवाज येत होता नुसता,
असं तिची आई सांगत होती.

आता बाळ सव्वा महिन्याचं झालं की जातील.
तिकडं बालवाडी असंल, चांगली असंल,
भिंतीवर रंगबी असतील.
पोर तहानेली होईल आणि म्हणंल, "पाणी."
पोरं हसतील, ती कुठंबी हसतात.
मी राखेनं पातेलं घासते, आणि मनात तेवढंच येतं,
तिथं कोण उठंल का,
माठाला हात लावंल का.