तांदळाएवढं

शंभर बैशांच्या दुकानात मिळाला हा फायरमन.
बैसा म्हणजे आपला पैसाच,
ओमानला येऊन बारीक झालेला, रियालला हजार.
उजवा हात नाही, म्हणून दुकानदाराने
सोबत एक हिरवी मगर फुकट दिली.

शार्दूलचा हुकूम गुहागरहून, व्हॉइस मेसेजवर:
बाबा, मगरीने त्याला खायचं नाही.
दोघांनी मिळून कुठेतरी जायचं.
कुठे, ते तुम्ही ठरवा.

सोहारला शुक्रवार सुट्टीचा.
खिडकीला चादर ठोकली, कारण ऊन सरकत राहतं
आणि मग चित्रात भिंत उगाच लुकलुकते.
मोबाईल डाळीच्या दोन डब्यांत घट्ट.
फायरमनच्या तळव्यांना खजुराचा गर, पडू नये म्हणून.
तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकवायचं.
हात बाजूला. श्वास धरायचा. टिचकी.
परत एक दाणा.
अशा बारा टिचक्यांचा एक सेकंद.

बंदरात मी क्रेन चालवतो.
चाळीस टनांचा कंटेनर वीतभर चुकला
तर खालून शिट्ट्या.
पण वर केबिनमध्ये कधी फुटला नाही इतका घाम
या मगरीची शेपटी वळवताना.

मागच्या खाटेवर बिजुमोन कुशीवर पडून बघायचा.
हलू नकोस म्हटलं
तर तोही माझ्याबरोबर श्वास धरायचा.
पोचले का, विचारायचा.
टेबलाच्या अर्ध्यात, मी म्हणायचो.

सोळाव्या चित्रात खजुराला मुंगी लागली.
सतराव्यात तीन.
राहू दिल्या.

तीन शुक्रवार गेले. चार सेकंद झाले.

शार्दूलने अकरा वेळा पाहिलं म्हणे,
मुंग्यांना फार हसला.
मग मेसेज आला: बाबा, एक चूक झालीय.
मागे निळ्या लुंगीतले काका आहेत ना,
ते एकदम गायब होतात. गादीपण.
खाटेच्या नुसत्या पट्ट्या दिसतात.

लावून बघितलं. एकोणतीस आणि तीसच्या मध्ये.
त्या दोन टिचक्यांत एक अख्खा आठवडा आहे,
कंपनीचं अर्ध्या पानाचं पत्र आहे,
नायलॉनच्या दोरीने बांधलेला खोका,
ज्यावर गावाचं नाव लिहिताना
शेवटचं अक्षर बाजूवर उतरलं,
आणि पहाटेची मस्कतची टॅक्सी.
फायरमनला पत्ता नाही.
तो तांदळाएवढा पुढे गेलाय.

तेवढीच चित्रं परत काढा, शार्दूल म्हणतो.
बघतो, मी लिहिलं.
निळी लुंगी मिळेल कुठेही.
पण मी तिकडे जाऊन झोपलो
तर इकडे टिचकी कोण मारणार.

मगर अजून टेबलाच्या कडेला आहे.
खजूर वाळलाय, निघत नाही.